इंजिन तापूनही हीटर गारच हवा फेकतोय, काय तपासू?

आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बघा. हीटरला ऊब इंजिनातल्या गरम कूलंटकडूनच मिळते, त्यामुळे कूलंट कमी झालं की हीटर गार पडतो. पण कूलंटचं झाकण इंजिन पूर्ण निवल्यावरच उघडा, नाहीतर उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं. हे मनावर घ्याच.

पातळी ठीक असेल तर इंजिन तापवून बंद करा आणि डॅशबोर्डमागे जाणारे हीटरचे दोन रबरी पाइप जपून चाचपा. दोन्ही गरम असतील तर बहुधा आतली हवेची झडप अडकलीय. एक गरम, एक गार? हीटर कोअर (गरम कूलंट फिरतं ती डॅशबोर्डमागची छोटी जाळी) तुंबलाय किंवा त्यात हवा अडकलीय. माझ्या गाडीत हवाच होती, काढल्यावर पाच मिनिटांत काचेवरचं धुकं गेलं.

तापमानाचा काटा वर चढतच नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह अडवणारी-सोडणारी झडप) बदला. पायाखालची मॅट ओली आणि गोडसर वास येत असेल तर कोअरच गळतोय.