झोपेतून उठताना बाळ थरथरते तेव्हा
तुमचे बाळ दोन महिन्यांचे आहे आणि जाग येताना त्याचे हात एकदम फाकून थरथरतात, हे वाचून तुमची काळजी समजली. आमच्या इंदूरच्या रामबागेत अशा वेळी आधी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. त्याला माझी हरकत नाही, पण निरीक्षण त्याहून महत्त्वाचे आहे.

थरथरणारा हात आपल्या तळहातात अलगद धरून पाहा. धरताच थरथर थांबली, बाळाचा रंग व नजर ठीक असली आणि ते नेहमीसारखे दूध पीत असले, तर बहुधा ती अपरिपक्व मज्जासंस्थेची खूण असते. आवाजाने दचकून हात फाकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया साधारण सहाव्या महिन्यापर्यंत मावळते. निव्वळ झोपेत येणारे झटके बाळ जागे होताच थांबतात.

मात्र धरूनही झटके चालू राहिले, डोळे एकीकडे वळले, ओठ निळसर पडले किंवा बाळ मलूल झाले, तर क्षणभरही थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. विशेषतः तीन ते बारा महिन्यांच्या वयात, जाग आल्यावर बाळ पुन्हापुन्हा, काही सेकंदांच्या अंतराने, मान व कंबर वाकवून आखडत असेल, तर ते साधे दचकणे समजू नका. ही बालझटक्यांची, म्हणजे तान्ह्या बाळांना होणाऱ्या एका प्रकारच्या अपस्माराची (इन्फन्टाइल स्पाझम्स), लक्षणे असू शकतात, त्यासाठी मेंदूचा आलेख (ईईजी) काढावा लागतो आणि उपचारांतला उशीर बाळाच्या वाढीला बाधतो.

मोबाईलवर चित्रफीत जरूर घ्या, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाळ शांत झालेले असते आणि शब्दांत सांगितलेल्या वर्णनापेक्षा डॉक्टरांना तिचाच अधिक उपयोग होतो.