‘अभ्यासाचं’ ॲप आणि अकरा टिचक्या

प्रश्न : ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गेम आणि व्हिडिओ कमी व्हावेत म्हणून त्याला टॅबवर गणिताचं एक ॲप घेऊन दिलं. आता रोज दोन-दोन तास तो त्यावर असतो. ‘पुरे’ म्हटलं की ‘अभ्यासच करतोय ना!’ असं उत्तर येतं. वहीतल्या गणितात मात्र काडीचा फरक नाही. अभ्यासाच्या ॲपवरून रागवायचं तरी कसं? आणि चांगलं ॲप ओळखायचं कसं?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझीच फजिती आठवली. नातीला असंच एक ॲप मी मोठ्या हौसेनं उघडून दिलं होतं. तीन आठवडे मीही खूश. मग एकदा चष्मा शोधत तिच्या मागे जाऊन उभी राहिले. वर प्रश्न, खाली चार पर्याय. बाईसाहेब प्रश्न वाचतच नव्हत्या! पहिल्यावर टिचकी, लाल फुली. दुसऱ्यावर टिचकी, पुन्हा फुली. तिसऱ्यावर हिरवी खूण, टाळ्या आणि पाच नाणी. चार प्रश्नांना मी अकरा टिचक्या मोजल्या. ‘‘काय विचारलं होतं गं यात?’’ म्हटलं, तर म्हणाली, ‘‘आजी, शंभर नाणी झाली की मांजराला टोपी मिळते.’’

त्यामुळे रागवायची घाई नको. आधी दोन दिवस मुलाच्या शेजारी नुसत्या बसा. चुकल्यावर काय होतं ते बघा : फक्त फुली येते, की कुठे चुकलं तेही दिसतं? मग त्याला हात बाजूला ठेवायला सांगा. त्यानं काहीच केलं नाही तरी पडद्यावर पुढचं आपोआप येत राहिलं, तर गाडी ॲप चालवतंय, तुमचा मुलगा मागे बसलाय.

नातीसाठी मी पुढे ‘फेट’ शोधलं. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प आहे. गणित-विज्ञानाचे प्रयोग ब्राउझरमध्ये फुकट करता येतात, त्यातले बरेच मराठीतही आहेत. तुमच्या मुलाच्या वयाला अपूर्णांकांचा प्रयोग चांगला : वर्तुळाचे किती भाग करायचे आणि त्यातले किती घ्यायचे, ते त्यानंच ठरवायचं.

नातीला मी विजेच्या मंडलाचा प्रयोग दिला. कोरा पडदा, कडेला बॅटरी, तारा, दिवे. नाणी नाहीत, टाळ्या नाहीत. पहिली दहा मिनिटं ती वैतागली, ‘‘यात काही होतच नाही!’’ मी गप्प बसले. (हे मला फार जड जातं, पण बसले.) मग तिनं एक तार बॅटरीच्या या टोकापासून थेट त्या टोकाला जोडली आणि बॅटरीतून ज्वाळा निघाल्या. ‘‘आजी, पेटली!’’ पाच वेळा पेटवून झाली. सहाव्यांदा मध्ये दिवा घातला, तो लागला. ‘‘मग आता का नाही पेटत?’’ इतक्या दिवसांत स्क्रीनसमोर बसून तिनं विचारलेला तो पहिला प्रश्न. संध्याकाळी ती घरातली विजेरी उघडून बसली होती. खऱ्या सेलची दोन टोकं मात्र अशी नुसत्या तारेनं जोडायची नाहीत, तार आणि सेल दोन्ही तापतात, हे मुलाला आधीच बजावून ठेवा.

दुसरं नाव ‘स्क्रॅच’. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतून २००७ साली आलं, मुख्यतः आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी. पडद्यावर संगणकाला द्यायच्या सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून मुलं स्वतःचा खेळ किंवा गोष्ट तयार करतात. मुलाला सांगा, ‘मला पाढे विचारणारा खेळ बनव.’ एक मेख मात्र आहे : त्या साइटवर इतरांनी केलेले खेळ ढिगानं आहेत, आणि मुलं तेच खेळत बसून ‘कोडिंग शिकतोय’ म्हणतात. म्हणून इंटरनेटशिवाय चालणारं स्क्रॅच उतरवून घ्या.

आता वेळेचं. शाळकरी मुलांसाठी एकच ठरावीक तासाचा आकडा देणं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सोडून दिलं. झोप, मैदानी खेळ आणि घरातल्यांशी बोलणं यांना धक्का लागतो का, ते बघा म्हणतात. मला ते पटतं. पण डोळ्यांना आणि पाठीला अभ्यासाचे दोन तास आणि कार्टूनचे दोन तास सारखेच, तेव्हा ‘अभ्यास आहे’ ही सबब वेळ वाढवून घ्यायला चालणार नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा. बसण्याआधी ‘आज काय करणार?’ विचारा, तेवढं झालं की उठायचं. अर्ध्यात टॅब हिसकावू नका. एखाद्या प्रयोगात अडकलेलं मूल पाच मिनिटं जास्त मागत असेल तर मी देते. टोपीसाठी मागत असेल तर नाही.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची आहे. अक्षरओळखीचं ॲप आत्तापासून द्यावं का?

उत्तर : अडलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या वयासाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, आणि तीही जास्तीत जास्त. कमी असेल तर उत्तमच. द्यायचंच झालं तर मांडीवर घेऊन द्या आणि आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय आधी बंद करा. ‘क’ दिसला की टॅब बाजूला ठेवून दोघींनी घरात ‘क’च्या वस्तू शोधा. कात्री सापडली तर आधी तुम्ही उचला.