मुलगी बी.कॉम.ला आहे. एआयमुळे हिशोबाची कामं राहतील का? तिला मुंबईला पाठवावं की कोकणातच ठेवावं?

तुम्ही राजापूरकडच्या आहात, मुलगी शेवटच्या वर्षाला आहे आणि नातेवाईक सांगतायत की अकाउंटिंग आता संपलं. मी रत्नागिरीत आंबा बागायतदार, बोटमालक आणि काही कॅनिंगवाल्यांचे हिशोब लिहिते, त्यांची जीएसटीची रिटर्न भरते. म्हणजे हा प्रश्न माझ्याही पोटापाण्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बिलं बघून टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणं, बँक स्टेटमेंट जुळवणं, ठरलेल्या मजकुराची पत्रं टाइप करणं, ही कामं माणसाच्या हातून जातायत. बिलाचा फोटो दिला की नोंद तयार होऊन येते. पण ऑफिसात नवीन आलेल्या मुलीला आपण सुरुवातीला हेच काम देत आलो. नोंदी करता करता तिला धंदा कळायचा. ही पहिलीच पायरी निघाली तर वरच्या पायरीवर पोचायचं कसं, याची मला खरी काळजी वाटते.

यावर एक चांगला अभ्यास आहे. अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकसेवेतल्या 5 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचं काम तपासलं. 2023 साली ते निष्कर्ष आले. एआयची मदत मिळाल्यावर काम सरासरी 14 टक्क्यांनी वाढलं, नवख्यांचं तर 34 टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांच्या कामात फारसा फरक पडला नाही. म्हणजे नवीन माणूस लवकर तयार होऊ शकतो. पण मालक याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावू शकतो: नवीन पोरांना घेऊन लवकर तयार करायचं, किंवा कमी पोरांत भागवायचं. तो कुठली वाट धरेल हे यंत्र ठरवत नाही.

मुंबईबद्दल आपल्याला सावध राहायला कारण आहे. कोकणातली कितीतरी घरं चाकरमान्याच्या मनिऑर्डरवर चालली. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या कितीतरी जणांना ती नोकरी परत मिळाली नाही. चूल विझायची वेळ आली ती इथल्या गावांत. आज ऐरोली, मालाडच्या ऑफिसांत बसून आपली मुलं जी कामं करतात, त्यातली बरीच वर सांगितली तशीच आहेत. त्यामुळे एआयचा पहिला धक्का कोकणाला इथल्या शेतात किंवा समुद्रात बसेल असं मला वाटत नाही. तो मुंबईहून येणाऱ्या पैशात दिसेल.

आता इथलं. केरळच्या किनाऱ्यावर 1997 पासून मोबाइल पोचला, त्यावर अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा 2007 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारून कुठल्या किनाऱ्याला लागायचं ते ठरवू लागले. मासळी फुकट जाणं थांबलं, त्यांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त पडली. हे वाचून वाटतं की माहिती मिळाली की झालं. आमच्या बंदरावर फोन प्रत्येक तांडेलाकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्याकडे, आहे. मासळी कुठे सापडायची शक्यता आहे याची उपग्रहावरून काढलेली माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मिळते. तरी ज्याच्याकडून जाळ्यासाठी, इंजिनासाठी उचल घेतली त्यालाच मासळी घालावी लागते, मग शेजारच्या बंदरात भाव दुप्पट असला तरी.

आंब्याचंही तेच. मोहोर यायच्या आधीपासून फवारणी, राखणी, खोकी यांना पैसा लागतो. तो वाशीचा दलाल देतो आणि पेट्या त्याच्याकडेच जातात. हंगामात बागायतदाराला रोजचा भाव मोबाइलवर दिसतो, आणि पट्टी, म्हणजे दलालाने दिलेला विक्रीचा हिशोब, हातात येते तेव्हा आकडा वेगळाच असतो. भाव कळणं आणि भाव मिळणं यांच्या मधे ही उचल उभी असते. दलाल सगळे वाईट असतात असं मी म्हणत नाही. बँक दारात उभं करत नव्हती तेव्हा तेच पैसे देत होते. पण उद्या एआयने भावाचा, हवामानाचा, किडीचा अंदाज कितीही नेमका दिला, तरी उचल घेतलेल्याला तो नुसता वाचायलाच मिळेल.

यात बदल झालेला मी पाहिला तो अगदी साध्या वाटेनं. बागायतदार थोड्या पेट्या पुण्या-मुंबईच्या घरांना थेट पाठवतो, पैसे यूपीआयने खात्यात येतात. जानेवारी 2020 पासून यूपीआयवर पैसे घेण्यासाठी विक्रेत्याला शुल्क नाही, त्यामुळे मासळी विकणारीपासून सगळ्यांनी ते घेतलं. पैसे खात्यात आले की विक्रीचा पुरावा तयार होतो. त्याचा नीट हिशोब मांडला की बँकेत बोलता येतं. किसान क्रेडिट कार्डावरचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर व्याज बरंच कमी पडतं. त्या पैशातून उचल फिटली की पुढच्या हंगामात माल कुठे घालायचा हे त्याचं तो ठरवतो. तेव्हा कुठे त्या फोनवरच्या भावाला किंमत येते.

या सगळ्यात मधे बसून हिशोब मांडणारं माणूस लागतं. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पल्पवर आहे, आणि एकाच घरात दोन्ही धंदे असतात. आंब्याचं उत्पन्न शेतीचं, पल्पचं व्यापाराचं. बोटीच्या डिझेलचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो, त्याचे कागद वेगळे. पुरवठादाराने जीएसटीच्या पोर्टलवर बिल चढवलंच नसेल तर फोन करून त्याच्या मागे लागावं लागतं. आणि कागदावर जे लिहिलंय त्याची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. यातलं बरंच यंत्र सुचवेल, पण चूक झाली तर नोटीस बागायतदाराच्या नावाने येते.

म्हणून मुंबई की कोकण यापेक्षा काम कसलं मिळतंय ते आधी बघा. नुसत्या नोंदी करायच्या मोठ्या ऑफिसात, पगार थोडा जास्त असला तरी, मी माझ्या मुलीला पाठवलं नसतं. सीएचं लहान ऑफिस असेल, जिथे एका गिऱ्हाइकाची फाइल बिलापासून रिटर्नपर्यंत तिच्या हातून जाईल, तर पगार कमी असला तरी घ्या, मग ते चिपळूणला असो, कुडाळला असो की दादरला. मुलाखतीत तिनं सरळ विचारावं: पहिल्या वर्षात मला गिऱ्हाइकाशी स्वतः बोलायला मिळेल का? बँकेत कर्जाच्या प्रकरणासाठी सोबत नेणार का? एआयची साधनं तिनं जरूर शिकावीत, पण त्यांनी केलेली नोंद तपासून चूक पकडण्याइतकं अकाउंटिंग आधी पक्कं करावं. परीक्षेनंतर आंब्याचा हंगाम चालूच असेल. ओळखीतल्या एखाद्या बागायतदाराच्या पट्ट्या आणि बँकेचं पासबुक घेऊन त्याचा वर्षाचा हिशोब तिला मांडू द्या. नोकरी मागायला जाताना तो बरोबर न्यावा, फक्त त्याची परवानगी घेऊन आणि नाव झाकून.