तीन वर्षांची बीएस्सी, ईबी-२ आणि रेझ्युमेवरची बी.ई.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बीएस्सी तीन वर्षांची, वर एका खाजगी संस्थेतला एक वर्षाचा डिप्लोमा, अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर पाचवं वर्ष चालू, कंपनीने ग्रीन कार्डाच्या ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या) वर्गात आय-१४० हा अर्ज भरला आणि आता यूएससीआयएसची, म्हणजे इमिग्रेशन खात्याची, आरएफई (आणखी पुरावा मागणारी नोटीस) आलीय की चार वर्षांच्या तोडीची डिग्री दाखवा. तुमचं म्हणणं, एच-१बीला हेच शिक्षण चाललं मग ग्रीन कार्डला का चालत नाही?

कारण दोन्हीकडचा हिशोबच वेगळा आहे हो. एच-१बीला तीन वर्षांचा अनुभव म्हणजे कॉलेजचं एक वर्ष असं धरता येतं, म्हणून परदेशी शिक्षणाची अमेरिकन बरोबरी ठरवणाऱ्या तुमच्या इव्हॅल्युएशनवाल्याने डिग्री अधिक अनुभव अशी बेरीज करून बॅचलर्स दाखवली, आणि त्यात काही गैर नव्हतं. ईबी-२ ला ही बेरीज चालत नाही. तिथे मास्टर्स हवी, नाहीतर अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची एक डिग्री आणि ती मिळाल्यानंतरचा पाच वर्षांचा चढता अनुभव. तीन वर्षांची डिग्री सहसा पुरत नाही हे १९७७ च्या मॅटर ऑफ शाह या निकालापासून चालत आलंय. त्यामुळे नवीन इव्हॅल्युएशन करून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर आधी विचारा की त्यात अनुभव मोजणार का, मोजणार असेल तर तो कागद इथे कामाचा नाही. डिप्लोमा एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या भारतातल्या सरकारी परिषदेची) मान्यता असलेला आणि पदवीनंतरच प्रवेश मिळणारा असेल तर मात्र भांडायला जागा आहे, ते सर्टिफिकेट आजच शोधा.

दुसरा रस्ता ईबी-३ चा, म्हणजे शिक्षणाची अट सैल असलेल्या खालच्या वर्गाचा. त्यासाठी पर्मच्या (आय-१४० च्या आधी कंपनी कामगार खात्याकडून घेते त्या मंजुरीच्या) फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात नेमके काय शब्द आहेत ते बघावं लागेल. 'डिग्री, डिप्लोमा आणि अनुभव मिळून बॅचलर्सच्या बरोबरीचं' अशा अर्थाचं काही कंपनीने तेव्हाच लिहिलं असेल तर त्याच पर्मवर स्किल्ड वर्कर म्हणून नवा आय-१४० भरता येतो आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, हीदेखील तीच राहते. नुसतं 'बॅचलर्स' लिहिलं असेल तर आता मागाहून अर्थ बदलता येत नाही, पर्म नव्याने, तारीख नव्याने, आणि भारतीयांची रांग दहा वर्षांच्या पुढे आहे हे तुम्हाला मी काय सांगू. तसं करायचं झालंच तर एच-१बीचं पाचवं वर्ष संपायच्या आत पर्म भरून घ्या म्हणजे एच-१बीची सहा वर्षांची मर्यादा संपल्यावरही एकेक वर्षाचं एक्स्टेन्शन मागता येतं. तुमचा मित्र म्हणतोय तसं आता घाईने बी.टेक. केलंत, अगदी खरंखुरं केलंत, तरी या फाइलला उपयोग शून्य, कारण पात्रता प्रायॉरिटी डेटच्या दिवशी असावी लागते. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट 'मिळतं' असंही तो म्हणतोय, त्यावर मी बोलतच नाही.

खरी काळजी मला तुमच्या शेवटच्या ओळीची वाटते, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: पहिल्या कन्सल्टन्सीने रेझ्युमेवर बी.ई. टाकलं होतं आणि व्हिसाच्या फॉर्ममध्येही तसंच गेलं असेल, आठवत नाही. अहो, डिग्री कमी पडली तर पिटीशन नाकारली जाते आणि दुसरी भरता येते, पण सरकारी फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिलंय असं ठरलं तर माणसावर कायमची बंदी येते, आणि तिची माफी मागायला नवरा-बायको किंवा आई-वडील यांच्यापैकी कोणीतरी अमेरिकन सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला लागतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्याकडे तसं कोणी नाही. रेझ्युमे फक्त क्लायंटकडे गेला असेल तर गोष्ट वेगळी, डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्मवर तुमच्या नावाने बी.ई. गेलं असेल तर वेगळी. तरीही, तेव्हा तुमच्याकडे पुरेसा अनुभव होता आणि खरं लिहूनही व्हिसा मिळालाच असता, तर ती चूक 'मटेरियल', म्हणजे निर्णयावर परिणाम करणारी, नव्हती असं मांडता येतं. पण आधी कागद हातात हवा, सो डीएस-१६० ची कॉपी मिळवा आणि यूएससीआयएसकडे फोया (आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा अर्ज) टाकून स्वतःची फाइल मागवा.

आरएफईला जास्तीत जास्त ८४ दिवस असतात, मुदत वाढत नाही आणि उत्तर एकदाच देता येतं. पर्मची कॉपी कंपनीच्या वकिलाकडे आजच मागा. बी.ई.चं मात्र त्याच्याशी लगेच बोलू नका, तो कंपनीचाही वकील आहे आणि तुम्ही सांगितलेलं कंपनीपर्यंत पोचू शकतं, त्यासाठी तासभराची फी देऊन स्वतःचा वेगळा वकील गाठा आणि तोवर शिक्षणाबद्दलच्या कुठल्याही नव्या कागदावर सही करू नका.