२०० आलं म्हणजे ऑर्डर मंजूर नव्हे

पार्टनर कंपनीच्या सिस्टिमला आपली सिस्टिम जोडायची म्हणतोस, तर कोड नंतर लिही. आधी त्यांच्या स्टोअर आणि अकाउंट्सवाल्यांशी बोल. ऑर्डर मान्य कोण करतं, अर्धाच माल गेला तर काय, रद्द कधीपर्यंत करता येते, हे एपीआयच्या (दोन सिस्टिम्सनी एकमेकींशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) डॉक्युमेंटमध्ये सहसा नसतं.

खरी गोची टाइमआउटची. परचेस ऑर्डर पाठवलीस, ३० सेकंदं झाली तरी उत्तर नाही. पोचली की नाही? डोळे झाकून पुन्हा पाठवलीस तर तिकडे दोन ऑर्डरी, आणि गेटवर दुप्पट माल. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक दे, पुन्हा पाठवताना तोच वापर, आणि तो आधी आलाय का हे समोरच्याने तपासायचं असं लेखी ठरवून घे. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस बघ: पुरवठादाराचा जीएसटी नोंदणी क्रमांक (जीएसटीआयएन), डॉक्युमेंटचा प्रकार, त्याचा क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून ६४ अक्षरी आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, बनतो. तेच बिल पुन्हा टाकलं की पोर्टल डुप्लिकेट म्हणून नाकारतं. सरकारी असलं तरी डिझाइन झकास आहे.

समोरच्या सर्व्हरकडून येणारा ‘ठीक’चा कोड, एचटीटीपी २००, म्हणजे निरोप पोचला, एवढंच. मंजुरी वेगळ्या मेसेजने येते, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर ऑर्डर ‘प्रलंबित’ ठेव. सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत कॅलेंडरवर टाक, ती नेमकी दिवाळीच्या सुट्टीतच संपते! आणि रोज रात्री दोन्हीकडच्या याद्या जुळवणारा रिपोर्ट लाव. फरक निघाला तर फोन कोणी करायचा, तेही नावानिशी ठरवून ठेव.