वाचकांचे प्रश्न : सोलरची बॅटरी

प्रश्न : चार ट्यूब्युलर (शिसे-आम्ल) बॅटऱ्या काढून त्याच इन्व्हर्टरला ५१.२ व्होल्टची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी जोडली. भर दुपारी, ऊन कडक असतानाच, सगळं अचानक बंद पडतं. बॅटरी सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. इन्व्हर्टर अजून जुन्याच सेटिंगवर चालतोय. चार शिसे-आम्ल बॅटऱ्यांना इक्वलायझेशनच्या वेळी (सगळे सेल सारखे करायला मुद्दाम दिलेला जादा चार्ज) ६२ व्होल्टच्या आसपास दाब, म्हणजे व्होल्टेज, मिळतो. एलएफपीच्या १६ सेलना प्रत्येकी ३.६५ च्या वर जाऊ द्यायचं नसतं, म्हणजे एकूण ५८.४. ती रेषा एका जरी सेलने ओलांडली तरी बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं सुरक्षा-सर्किट, बॅटरीचं कनेक्शन तोडून टाकतं. ऊन भरपूर, बॅटरी गायब, आणि इन्व्हर्टर ट्रिप.

सेटिंगमध्ये ‘लिथियम’ किंवा ‘यूजर’ निवडा. बॅटरीच्या पुस्तिकेत वेगळे आकडे नसतील तर बल्क (मुख्य चार्जिंग) ५६, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवणारं चार्जिंग) ५४, लो कट-ऑफ (वापर थांबवण्याची खालची मर्यादा) ४८ व्होल्ट ठेवा. इक्वलायझेशन बंद, तापमान भरपाईही बंद. ही दुसरी हमखास विसरली जाते आणि थंडीत चार्जिंगचा दाब गुपचूप वाढवत राहते. सेलचं तापमान शून्य अंशाखाली असेल तर एलएफपी चार्जच करायची नाही. लिथियम धातू होऊन साचतं, ते नुकसान भरून येत नाही.

एवढं करूनही ट्रिप होत असेल तर चार्ज संपत येताना बीएमएसच्या ॲपमध्ये सेलचे आकडे पाहा. पंधरा सेल ३.४५ वर आणि एकच ३.६५ कडे धावतोय, असं दिसलं की बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणं, राहिलंय. ५५ व्होल्टच्या जवळपास कमी करंटवर काही तास, गरज पडल्यास दोन-तीन दिवस, ठेवून पाहा.

प्रश्न : दुसरी बॅटरी पॅरलल जोडताना जोरात स्पार्क पडला. असं का?

उत्तर : दोघींचा व्होल्टेज वेगळा होता. आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा आणि मग जोडा. अर्ध्या चार्जवर मीटरवर सारखा आकडा दिसला तरी भुलू नका. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो. इन्व्हर्टरकडे जाणारी पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून, निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, नाहीतर जवळची बॅटरी एकटीच राबते. प्रत्येकीला स्वतंत्र डीसी फ्यूज हवा. ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर ४८ व्होल्टला ११० अँपिअरच्या पुढे ओढतो. साधा एसी एमसीबी इथे लावू नका. डीसी करंट एसीसारखा वारंवार शून्यातून जात नाही, त्यामुळे आतली ठिणगी विझतच नाही. आणि लग (वायरच्या टोकाचं धातूचं टर्मिनल) नीट क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा. ढिला लग आधी गरम होतो, मग काळा पडतो.

प्रश्न : विक्रेता यूएन ३८.३ चं प्रमाणपत्र दाखवतो. ते पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. ती चाचणी वाहतुकीसाठीची आहे : कंपन, धक्का, शॉर्टसर्किट वगैरे. वर्षानुवर्षं घरात चालण्याशी तिचा संबंध थोडाच. एका जागी बसवलेल्या लिथियम बॅटऱ्यांच्या सुरक्षेचं मानक असलेल्या आयईसी ६२६१९ चा अहवाल मागा, आणि त्यावरचा मॉडेल नंबर बॅटरीच्या लेबलशी अक्षर न् अक्षर जुळवा. बऱ्याचदा अहवाल फक्त सेलचा असतो, तयार बॅटरीचा नसतो.

प्रश्न : जुनी बॅटरी भंगारात द्यावी का?

उत्तर : कोणत्याही भंगारवाल्याला नको. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. विक्रेत्याकडे परत द्या. देण्याआधी टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावा. बॅटरी फुगलेली असेल तर तसं आधीच कळवा.