डबीवरचं लाखेचं पॉलिश पांढुरकं का पडतं?

प्रश्न: छोट्या लाकडी डबीला चपडा लाखेचं (लाखेच्या पातळ पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं) पॉलिश दिलं. झाकणावर पांढुरकी झाक आली, पॉलिश लावायचा बोळाही चिकटून ओरखडे पडले. काय चुकलं?

उत्तर: झाक हवेतल्या दमटपणाची आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि बाष्प ओल्या थरात अडकतं. कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा झाकणावरून हलकेच फिरवा. बहुधा झाक जाते.

ओरखड्यांचं कारण घट्ट द्रावण. १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये १२ ते १५ ग्रॅम चपडा काचेच्या बाटलीत रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. कापसाचा बोळा सुती कापडात बांधा, तळाशी सुरकुती नको. नखावर दाबला तर ओल दिसावी, थेंब सुटू नये. कापडावर जवस तेलाचा एकच थेंब लावा. बोळा चालता चालताच टेकवा, चालता चालताच उचला. मध्ये थांबलात की स्पिरिट खालचा थर विरघळवतं. डबीच्या कडांवर तर फारच सांभाळा, तिथे पॉलिश लगेच साचतं.

पडलेले ओरखडे दोन दिवस वाळू द्या, मग ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने अलगद घासा. आणि द्रावण जुनं असेल तर काचेवर थेंब वाळवून बघा. दुसऱ्या दिवशीही नख रुतलं तर ते टाकूनच द्या, ते कधीच कडक होणार नाही.